भर दुपारी जळणारा दिवा

इसवी सन ४०६ मधली गोष्ट. बेथलेहेमच्या मठात राहणाऱ्या जेरोम नावाच्या विद्वान आणि तापट संन्याशाच्या हाती गॉलकडून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूने, काही लिखाण आलं. लिहिणारा विजिलांतियस स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होता. त्याच्या तक्रारी पुष्कळ होत्या. त्यातली एक अशी, की डोक्यावर लख्ख सूर्य असताना लोक हुतात्म्यांच्या अस्थींपुढे ढीगभर मेणबत्त्या लावतात, हे कसलं खूळ? जेरोमने एका रात्रीत उत्तर सांगून लिहून घेतलं. उत्तर चांगलंच झणझणीत आहे, पण त्यात एक शांत वाक्यही सापडतं. त्याचा आशय असा, की पूर्वेकडच्या सगळ्या चर्चमध्ये शुभवर्तमान वाचायची वेळ झाली की ऊन असलं तरी दिवे लावतात. ते अंधार घालवायला नाही, आनंद दाखवायला.

ही सोळाशे वर्षांपूर्वीची साक्ष मला फार मोलाची वाटते. आज कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये जा, वसईत, वांद्र्याला, पुण्यात किंवा जुन्या गोव्यात. मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, कधीच आटोपलेली असते, बाकं रिकामी असतात, खिडक्यांतून ऊन आत आलेलं असतं. तरी पुढे कुठेतरी एक लहानसा दिवा जळत असतो. बहुधा लाल काचेतला. कधी तीन साखळ्यांनी छताला टांगलेला, कधी भिंतीतून पुढे आलेल्या कंसावर ठेवलेला, कधी नुसता एका उंच ठाणवईवर. त्याच्या उजेडात पुस्तकाची एक ओळही वाचता येणार नाही. तरीही तो रात्रंदिवस जळत राहिला पाहिजे असा लेखी नियम आहे. १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेच्या ९४०व्या कलमात तो सापडतो आणि कारणही तिथेच दिलं आहे: ख्रिस्ताची उपस्थिती दाखवायची आणि तिचा मान राखायचा.

म्हणजे हा दिवा काही दिसावं म्हणून लावलेलाच नाही. कुणी आहे, एवढंच त्याला सांगायचं आहे. रात्री परतताना लांबून घराच्या खिडकीत दिवा दिसला की घरात माणूस आहे हे हाक न मारता कळतं, तसंच.

दिव्याच्या आसपास नजर फिरवली तर एक छोटी, भक्कम, कुलूपबंद पेटी दिसेल. तिला टॅबरनॅकल म्हणतात. कधी ती सोनेरी मुलाम्याची असते, कधी साध्या लाकडाची, कधी भिंतीतच बसवलेली. आत एका झाकणाच्या पात्रात गव्हाच्या पिठाच्या पातळ, पांढऱ्या, रुपयाएवढ्या चकत्या असतात. मिस्सामध्ये धर्मगुरूने येशूच्या शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारले की ही भाकर ख्रिस्ताचं शरीर होते, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. तो प्रतीकाचा प्रकार नाही. ख्रिस्त तिथे खरोखर असतो. आणि मिस्सा संपली म्हणून तो जात नाही. म्हणून चर्चमध्ये शिरणारा जुन्या वळणाचा माणूस आधी उजवा गुडघा जमिनीला टेकवतो. तो समोरच्या मूर्तीपुढे वाकतोय असं बाहेरच्याला वाटतं. खरं तर तो त्या पेटीपुढे वाकत असतो, आणि पेटी रिकामी नाही हे त्याला दिव्याने सांगितलेलं असतं.

भाकर राखून ठेवण्याची सुरुवात मात्र पूजेसाठी झाली नाही. ती झाली आजाऱ्यांसाठी. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये लिहिणारा जस्टिन सांगतो, की सगळे एकत्र जमून भाकर घेत आणि जे येऊ शकले नाहीत त्यांना सेवक घरी नेऊन देत. अंथरुणाला खिळलेल्याचा वाटा बाजूला ठेवायचा, ही त्या पेटीमागची पहिली कल्पना. मला हे विसरून चालणार नाही असं वाटतं. इतका मानसन्मान, सोनं, साखळ्या हे सगळं ज्याच्याभोवती जमलं, तो मुळात न आलेल्या माणसासाठी काढून ठेवलेला घास आहे.

आता गंमत अशी, की सुरुवातीचे ख्रिस्ती लोक देवापुढे दिवा लावायला तयारच नव्हते. दिवे लावणं ही रोमन मंदिरांची आणि सम्राटाच्या उत्सवांची रीत होती. इसवी सन २००च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन चिडून लिहितो, की सणाच्या दिवशी इतरांपेक्षा ख्रिस्ती लोकांच्याच दारांवर जास्त दिवे आणि जास्त पानांची तोरणं दिसायला लागली आहेत. पुढे शंभरएक वर्षांनी लाक्तांतियस हा दुसरा ख्रिस्ती लेखक विचारतो, की ज्याने उजेड निर्माण केला त्याच्यापुढे मेणबत्ती लावणारा माणूस शुद्धीवर तरी आहे का? देव काय अंधारात राहतो? त्याच सुमाराला स्पेनमधल्या एल्विरा इथे धर्माध्यक्षांची परिषद भरली. तिच्या एका ठरावाने कबरस्तानात दिवसा मेणबत्त्या लावायला बंदी घातली. कारण मोठं हळवं दिलं आहे: संतांच्या आत्म्यांना त्रास होऊ नये.

बंदी घालावी लागली याचा अर्थ लोक लावत होते. माझा कौल त्या लोकांच्या बाजूने आहे. आपलं माणूस जिथे विसावलं आहे तिथे दिवा ठेवावासा वाटणं ही ओढ कोणत्याही युक्तिवादापेक्षा जुनी आहे, आणि विद्वानांना अखेर तिच्यापुढे नमतं घ्यावं लागलं. जेरोमचं उत्तर म्हणजे ते नमतं घेणंच.

विजिलांतियसच्या वीसेक वर्षं आधी एजेरिया नावाची एक विलक्षण बाई युरोपच्या पश्चिम टोकाकडून निघून यरुशलेमला पोचली होती. तिथे जे जे पाहिलं ते तिने घरच्या भगिनींना पत्रातून लिहून कळवलं. तिच्या लिखाणाची एकुलती एक मोठी प्रत १८८४ मध्ये इटलीतल्या आरेत्सो गावच्या ग्रंथालयात सापडली. तोवर जगाला तिची फारशी ओळख नव्हती. एजेरियाची नजर बारकाव्यांवर असते. ती सांगते, की दुपारी चारच्या सुमाराला लोक येशूच्या कबरीवरच्या चर्चमध्ये जमतात आणि सगळे दिवे, सगळ्या मेणबत्त्या लावल्या जातात. झगमगाट होतो. पण तो विस्तव बाहेरून आणत नाहीत. तो आतल्या गुहेतून, म्हणजे प्रत्यक्ष कबरीतून, आणतात. तिथे एक दिवा रात्रंदिवस जळत असतो.

ख्रिस्ती अखंड दिव्याचं माझ्या माहितीतलं सर्वांत सुंदर वर्णन हे आहे. त्यातला तपशील पाहा. सगळ्या चर्चचा उजेड एका दिव्यावरून पेटायचा आणि तो दिवा ठेवलेला कुठे, तर मेलेल्या माणसाला जिथे ठेवलं होतं त्या जागी. ती कबर रिकामी सापडली, यावर तर साऱ्या ख्रिस्ती श्रद्धेचा डोलारा उभा आहे. सूर्य अजून मावळलेला नसताना, चार वाजता, कबरीतून उजेड बाहेर येतो. हे दृश्य रोज पाहणाऱ्याला वेगळं प्रवचन ऐकायची गरज काय होती? आज त्या कबरीच्या लहानशा खोलीत ४३ दिवे टांगलेले आहेत. ग्रीक, लॅटिन आणि अर्मेनियन यांचे प्रत्येकी १३, कॉप्टिक लोकांचे ४. कोणता दिवा कुणाचा आणि त्यात तेल कुणी घालायचं हे ठरलेलं आहे आणि ते कसोशीने पाळलं जातं.

देवापुढच्या दिव्याची याहून जुनी परंपरा यहुदी देवस्थानांत आहे. बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात मोशेला आज्ञा होते, की लोकांनी दिव्यासाठी कुटून काढलेलं शुद्ध जैतुनाचं तेल आणावं आणि अहरोनाने व त्याच्या मुलांनी तो दिवा संध्याकाळपासून सकाळपर्यंत राखावा. ‘कुटून काढलेलं’ हा तपशील उगाच आलेला नाही. फळं चेचून ठेवली की जे तेल आपोआप पाझरतं त्यात गाळ कमी असतो, म्हणून ते स्वच्छ जळतं आणि काजळी कमी धरतं. दाबून, पिळून काढलेलं पुढचं तेल खाण्याला चालेल. दिव्याला पहिलंच लागेल. पुढे शमुवेलाच्या गोष्टीत तोच दिवा येतो. शिलो इथल्या देवस्थानात लहानगा शमुवेल झोपलेला आहे, देवाचा दिवा अजून मालवलेला नाही, आणि कुणीतरी त्याला नावाने हाक मारतं. म्हाताऱ्या एलीनेच बोलावलं असं वाटून पोरगं तीनदा उठून त्याच्याकडे धावत जातं. दिवा तेवत आहे आणि हाक कुणाची ते कळत नाही. ख्रिस्ती चर्चमधल्या दिव्याचा अर्थ समजून घ्यायला मला हा प्रसंग फार उपयोगी पडला.

इसवी सन ७० मध्ये रोमन फौजांनी यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं. तिथली सात फांद्यांची सोन्याची दीपमाळ विजयाच्या मिरवणुकीत रोमला नेली. रोममधल्या टायटसच्या कमानीवर तिचं शिल्प आजही आहे. सैनिकांनी ती खांद्यावर उचलून धरली आहे. मंदिर गेलं, पण दिवा राहिला. जगभरच्या सिनेगॉगमध्ये धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवलेल्या कपाटापुढे एक दिवा सतत तेवत ठेवतात. असा दिवा पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही. मुंबईत मांडवी भागात १७९६ साली बेने इस्राएल या यहुदी समाजाने सिनेगॉग बांधलं, अलिबागलाही त्यांचं सिनेगॉग आहे. हे लोक मराठी बोलणारे, कोकणातल्या गावांवरून आडनावं घेतलेले. आणि त्यांचा पिढीजात धंदा कोणता, तर तेलाचा घाणा चालवण्याचा. शनिवारी शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवत म्हणून आसपासचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ज्यांच्या ग्रंथात दिव्याचं तेल कसं काढावं हे सांगितलं आहे, त्यांच्याच वंशजांनी आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतकं तेल गाळलं, ही गोष्ट मी कितीही वेळा आठवली तरी शिळी होत नाही.

भाकरीपुढे दिवा हवा, हा नियम पश्चिमेकडे बराच उशिरा आला. कित्येक शतकं ती पेटी मुख्य वेदीवर नसायचीच. मागच्या खोलीत किंवा भिंतीतल्या कोनाड्यात असायची. १२१५ साली लॅटरनच्या चौथ्या परिषदेने ती कुलपात ठेवायचा हुकूम काढला. दिवेही त्या सुमारापासून हळूहळू पसरले. १६१४ साली छापलेल्या रोमन विधिग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे, की अनेक, निदान एक तरी, दिवा रात्रंदिवस जळत असावा. प्रोटेस्टंट चर्चमध्ये भाकर अशी राखून ठेवत नाहीत, म्हणून तिथे हा दिवा बहुधा दिसणार नाही. अँग्लिकन चर्चमध्ये जिथे राखतात तिथे पुष्कळदा पांढऱ्या काचेतला असतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर प्रत्येक पवित्र चित्रापुढे वेगळा दिवा, आणि रशियन घरांमध्येही एका कोपऱ्यात.

लाल रंगाचा कुठेही नियम नाही. ती रूढी आहे. रक्ताचा, प्रेमाचा, अग्नीचा रंग, असं तिचं स्पष्टीकरण देतात आणि ते योग्यच आहे. पण मला त्यात भौतिकशास्त्राचाही हात दिसतो. तेलाच्या ज्योतीचं तापमान सूर्याच्या मानाने फार कमी असल्याने तिच्या उजेडात लाल-पिवळ्याचा भाग भरपूर आणि निळ्याचा अगदी थोडा असतो. तिच्यावर निळी काच ठेवली तर दिवा जवळजवळ गुदमरतो. लाल काच मात्र त्या उजेडातला मोठा वाटा बाहेर जाऊ देते, आणि ज्योत झळझळीत न दिसता सगळी काच भरून उजळते. लांबच्या बाकावरूनही चुकू नये इतकी ती खूण ठळक होते.

दिवा एकदा जवळून पाहण्यासारखा असतो. जुन्या पद्धतीचा टांगता दिवा कप्पीवरून खाली घेतात. दुसऱ्या टोकाला वजन असतं म्हणून तो अलगद उतरतो. काचेच्या पेल्यात तळाला पाणी, त्यावर तेल. तेल पाण्याहून हलकं असल्याने वर तरंगतं. ते संपत आलं की वात पाण्याला टेकून आपोआप विझते आणि काच तडकत नाही. तेलावर बुचाचा छोटा तराफा, त्यात खोवलेली वात. राखणारा आधी वातीचं जळकं टोक चिमटीने काढतो, काचेची काजळी पुसतो, तेल घालतो आणि नवी वात जुन्या ज्योतीवरून पेटवतो. आपल्याकडे देवघरात लामणदिव्याची तेलवात करणाऱ्या हाताला यातली एकही हालचाल अनोळखी वाटणार नाही.

आणि ज्योत म्हणजे काय? जैतुनाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलाच्या वाटीत पेटती काडी बुडवा, काडी विझेल. तेल तसं पेटतच नाही. ते वातीच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून आपलं आपण वर चढतं, टोकाशी तापून त्याची वाफ होते, आणि जळते ती ती वाफ. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१च्या नाताळात मुलांसाठी नुसत्या एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. त्यात तो ज्योत फुंकतो, वातीतून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेघेला लांबूनच काडी लावतो, आणि ज्योत त्या धुरावरून उडी मारून वातीवर परत येते. हा प्रयोग घरी करून बघा, फारच सोपा आहे. ज्योतीचा पिवळा उजेड तरी कशाचा? अर्धवट जळालेल्या कार्बनचे कण तापून लखलखतात त्याचा. बाहेर पडले तर ते काजळी असतात, आत असेपर्यंत उजेड.

म्हणजे ज्योत ही वस्तू नाहीच. एका क्षणापूर्वी जे तेल तिथे जळत होतं ते आता तिथे नाही, हवा तीच नाही, कार्बनचे कण ते नाहीत. आकार मात्र तोच. ती असते, तिला बोट दाखवता येतं, ती हातात धरता येत नाही. अदृश्य उपस्थितीची खूण म्हणून माणसाला याहून नेमकं काही सापडलं असतं असं मला वाटत नाही. दगड टिकतो, सोनं टिकतं, पण ते नुसते पडून असतात. ज्योत टिकते ती सतत काहीतरी देऊन टाकत.

तिच्यासाठीही कुणीतरी सतत काहीतरी द्यावं लागतं. नंदादीपाची व्यवस्था ही आपल्याकडची जुनी दानाची रीत. तंजावरच्या राजराज चोळाच्या मंदिरात, हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत, एका दिव्यामागे ९६ मेंढ्या नेमून दिलेल्या आढळतात. मेंढपाळाने रोज ठरलेलं तूप घालायचं आणि कळपाची संख्या कधी घटू द्यायची नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या मोरबाथ नावाच्या ३३ घरांच्या खेड्यात हीच युक्ती दिसते. तिथला धर्मगुरू क्रिस्तोफर ट्रिके याने १५२० पासून १५७४ पर्यंत गावच्या चर्चचा हिशेब लिहून ठेवला. निरनिराळ्या संतांपुढच्या दिव्यांसाठी चर्चच्या मालकीच्या मेंढ्या होत्या आणि त्या गावातल्या घरांनी सांभाळायच्या. लोकर विकून मेण घ्यायचं. तरुण मुलांचा वेगळा दिवा, मुलींचा वेगळा. हजारो मैलांवरच्या, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन गावांनी दिवा मेंढ्यांवर सोपवला, कारण मेंढ्यांना मेंढ्या होतात, आणि ‘कायमचं’ ही गोष्ट गरिबाच्या हिशेबात बसवायचा तो एक खात्रीचा मार्ग होता. १५४७ साली राजा सहाव्या एडवर्डच्या हुकुमाने मूर्तींपुढचे दिवे बंद झाले. वेदीवरचे दोन तेवढे राहिले. दिव्यांसाठी ठेवलेल्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि मोरबाथच्या हिशेबातून मेंढ्याही गेल्या. धर्मशास्त्राचा एवढा मोठा वाद एका खेड्यात पोचला तो मेंढ्या विकण्याच्या रूपाने.

आयर्लंडमध्ये किल्डेर इथल्या संत ब्रिजिडच्या मठातल्या अखंड अग्नीविषयी बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू लेखकाने लिहून ठेवलं आहे. अग्नी राखायला १९ जोगिणी पाळीपाळीने एकेक रात्र बसत. विसाव्या रात्री शेवटची जोगीण आगीजवळ लाकडं ठेवायची आणि ब्रिजिडला सांगायची, आजची रात्र तुझी. सकाळी लाकडं जळालेली असत आणि आग जागी. ब्रिजिड वारून तेव्हा सहाशेवर वर्षं झाली होती. तो अग्नी सोळाव्या शतकातल्या उलथापालथीत विझला आणि १९९३ मध्ये तिच्याच नावाच्या पंथातल्या सिस्टरांनी किल्डेरला पुन्हा पेटवला. पाळीची ती यादी मला थक्क करते. गेलेल्या माणसाचं नावही कामाच्या वाटपात धरलेलं!

इटलीत आजही असं वाटप चालू आहे. असिसीत संत फ्रान्सिसच्या कबरीपाशी जळणाऱ्या दिव्याचं तेल दर ४ ऑक्टोबरला इटलीचा एकेक प्रांत पाळीने आणून देतो. रावेन्नात दान्तेच्या समाधीवरच्या दिव्याला दर सप्टेंबरात फ्लॉरेन्स शहर तेल पाठवतं. ज्या शहराने कवीला हद्दपार केलं तेच.

अखंड दिवा वर्षातून एकदा मुद्दाम शांत केला जातो, आणि मला वाटतं त्याचा अर्थ तेव्हाच पुरता कळतो. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर ख्रिस्तशरीर मिरवत दुसऱ्या, सजवलेल्या वेदीकडे नेतात. मुख्य पेटी रिकामी राहते. तिचं दार उघडंच ठेवतात, म्हणजे आत काही नाही हे सगळ्यांना दिसावं. दिवा मालवतात, वेदीवरचं कापडही काढतात. गुड फ्रायडेला आलेला माणूस सवयीने गुडघा टेकायला जातो आणि थबकतो, कारण समोर लाल ठिपका नसतो. वर्षभर ज्याच्याकडे कुणी निरखून पाहिलं नाही, तो नसताना पहिल्यांदा दिसतो. शनिवारी रात्री चर्चच्या आवारात नवा विस्तव पेटवतात, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती, तिच्यावरून लोकांच्या हातांतल्या मेणबत्त्या. त्या रात्रीच्या मिस्सानंतर भाकर परत पेटीत जाते आणि दिवा पुन्हा लागतो. एजेरियाने कबरीतून बाहेर येताना पाहिलेला उजेड तो हाच, असं म्हटलं तर काही बिघडत नाही.

तेलाच्या बाबतीत चर्चने व्यवहार ओळखला. १९१७च्या धर्मसंहितेत जैतुनाचं तेल किंवा मधमाश्यांचं मेण सांगितलं होतं, पण ते मिळत नसेल तिथे धर्माध्यक्षाच्या संमतीने दुसरं तेल, शक्यतो वनस्पतीचं, चालेल असंही म्हटलं होतं. आपल्या किनाऱ्यावर जैतुन होत नाही, नारळ होतो. महायुद्धांच्या काळात तेल आणि मेण दोन्ही दुर्मिळ झालं तेव्हा विजेच्या दिव्यालाही मुभा मिळाली. आजच्या मिस्साविधीच्या सूचनांतलं ३१६वं कलम पुन्हा तेल किंवा मेणच सांगतं. पुष्कळ चर्चमध्ये आता आठवडाभर जळणारी मेणबत्ती लाल काचेत बसवतात, आणि काही ठिकाणी सरळ लाल बल्ब असतो. बल्बमागची अडचण मला समजते. माणसं कमी, वारा फार, आगीची भीती. तरीही तेल किंवा मेणच असावं या मताचा मी आहे. बल्ब लावायला कुणाला रोज यावं लागत नाही. तेलाचा दिवा जळताना दिसला, तर आज कुणीतरी इथे येऊन गेलं हेही त्यात कळतं.

जुन्या गोव्याला गेलात तर से कॅथेड्रलमध्ये सगळी गर्दी समोरच्या, संत कॅथरिनच्या सोनेरी वेदीपुढे असते. मोठ्या चर्चमध्ये पेटी पुष्कळदा मुख्य वेदीवर नसते, बाजूच्या दालनात असते. इथेही पवित्र साक्रामेंताचं, म्हणजे त्या राखलेल्या भाकरीचं, वेगळं दालन आहे. अशा दालनात प्रार्थनेला बसलेली माणसं बहुधा गावचीच असतात. तिथे आधी दिवा शोधा, मग पेटी.